एकच डबा सगळ्या इंजिनांना नको : ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि फवारणी पंपाचं ऑइल कसं ओळखायचं?

खरिपाच्या तोंडावर तालुक्याच्या गावी ऑइलच्या दुकानात उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं : "भाऊ, ट्रॅक्टरचं ऑइल द्या, चांगल्यातलं." दुकानदार फळीवरचा हाताशी असलेला डबा काढून देतो. ट्रॅक्टर कोणता, किती जुना, कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. डबा घरी येतो. इंजिनात सात लिटर जातं, दहाच्या डब्यात तीन लिटर उरतं. ते फेकायचं कशाला म्हणून लिटरभर मोटारसायकलला, आणि राहिलेलं थोडं थोडं करून फवारणी पंपाच्या पेट्रोलमध्ये. शेवटी तेल ते तेलच, असं आपण धरून चालतो.

उलट्या बाजूने हीच चूक मीही केली आहे. पाहुण्यांच्या कारची सर्व्हिसिंग झाली, त्यातलं लिटरभर महागडं सिंथेटिक ऑइल उरलं. महाग म्हणजे चांगलंच असणार, असा हिशेब करून मी ते मोटारसायकलमध्ये ओतलं. थोड्याच दिवसांत घाटात गाडी रेस घ्यायची, आवाज करायची, पण पुढे सरकायची नाही. मी तशीच दामटली आणि क्लच प्लेटा जळाल्या. मिस्त्रीने आधी डबा दाखवायला सांगितला. डबा बघून तो म्हणाला, "ऑइल खराब नाही, तुमच्या गाडीचं नाही एवढंच."

चांगलं आणि वाईट ऑइल हा पुढचा प्रश्न झाला. आधी बघायचं ते आपल्या इंजिनाचं आहे की नाही. ते डब्यावरच लिहिलेलं असतं, फक्त वाचता यायला हवं.

डब्यावरचे आकडे म्हणजे जाडी

डब्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३० असं काहीतरी असतं. हे ऑइलच्या जाडीचं माप. कंपनी कोणतीही असो, माप सगळीकडे एकच. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो. आकडा जेवढा लहान, तेवढं थंड इंजिनात ऑइल लवकर वर चढतं. डब्ल्यूनंतरचा आकडा इंजिन तापल्यावरची जाडी सांगतो. ही जाडी १०० अंश सेल्सिअसला मोजतात. म्हणजे १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइलं तापलेल्या इंजिनात एकाच वर्गात येतात. फरक पडतो तो सकाळी पहिल्यांदा स्टार्टर मारताना.

आपल्याकडे पारा शून्याखाली जात नाही, मग पहिल्या आकड्याशी आपलं काय देणंघेणं, असं वाटेल. थोडं आहे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचं ऑइल सगळं खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. स्टार्टर मारल्यावर ते क्रँकच्या बेअरिंगपर्यंत आणि वर हेडपर्यंत पोचायला काही सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात लोखंडावर लोखंड घासतं. म्हणून "जाड ऑइल म्हणजे दमदार ऑइल" ही पारावरची समजूत खरी नाही. कंपनीने १५डब्ल्यू-४० सांगितलं असताना त्याहून जाड टाकलं, तर ते बारीक फटीत उशिरा पोचतं आणि इंजिनाला ते ढवळायलाच जादा ताकद लागते. त्या ताकदीचं डिझेल आपल्याच टाकीतून जातं.

जुना ट्रॅक्टर निळा धूर मारायला लागला की बरेच जण जाड ऑइल टाकून बघतात. धूर थोडा कमी दिसतोही. पण झिजलेल्या रिंगा आणि लाइनर जाड ऑइलने भरून निघत नाहीत. एखादा हंगाम ढकलायचा असेल तर ढकला, पण इंजिनाचं काम निघणार आहे हे धरून पैशाची तजवीज ठेवा.

अक्षरं म्हणजे दर्जा

आकड्यांच्या जवळ एपीआय असं लिहून पुढे दोन अक्षरं असतात. बहुतेक लोक ही अक्षरं बघतच नाहीत, आणि घोटाळा इथेच होतो. अक्षर 'सी'ने सुरू होत असेल तर ते डिझेल इंजिनासाठी : सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४. 'एस'ने सुरू होत असेल तर पेट्रोल इंजिनासाठी : एसएल, एसएम, एसएन, एसपी. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. सीआय-४ हा दर्जा २००२ मध्ये आला, सीके-४ हा २०१६ मध्ये.

डिझेल जळताना काजळी धरतं. ती काजळी अंगावर घेऊन तरंगत ठेवायची, कुठे साचू द्यायची नाही, हे डिझेलच्या ऑइलचं मोठं काम. त्यासाठी त्यात साफसफाईची रसायनं जास्त घातलेली असतात. पेट्रोलच्या ऑइलचं काम वेगळं, म्हणून त्यातला मसालाही वेगळा. जाडी तीच असली तरी दोन्ही ऑइलं एक होत नाहीत. ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ एकाच चाळणीतून चाळलं, म्हणून भाकरी आणि पोळी एक होत नाही, तसंच हे.

काही डब्यांवर दोन्ही दर्जे असतात, उदाहरणार्थ सीआय-४ आणि पुढे एसएल. असं ऑइल डिझेलला चालतं आणि पेट्रोल कारलाही चालू शकतं. मोटारसायकलला मात्र एवढ्यावर भागत नाही. ते पुढे येतंच.

ट्रॅक्टरला कोणतं टाकायचं?

ट्रॅक्टरसोबत मिळालेलं पुस्तक काढा. देवघराच्या फळीवर नाहीतर कपाटात आरसी बुकासोबत असतं. त्यात ऑइलचं पान शोधा, मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि दुकानात तो फोटोच दाखवा. पुस्तक हरवलं असेल तर शोरूमच्या सर्व्हिस विभागाला मॉडेल आणि साल सांगून विचारा. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला जे चालतं ते विचारू नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचं ऑइल वेगळं असू शकतं.

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच ट्रॅक्टरांना १५डब्ल्यू-४० जाडीचं, सीएफ-४ किंवा सीआय-४ दर्जाचं ऑइल सांगितलेलं असतं. जुन्या मॉडेलांच्या पुस्तकात २०डब्ल्यू-४० सापडेल. पुस्तकात सीएफ-४ लिहिलं असेल आणि दुकानात सीआय-४ मिळत असेल तर बिनधास्त घ्या, नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो. उलटं करू नका. सीआय-४ सांगितलेल्या इंजिनात जुन्या दर्जाचं स्वस्त ऑइल टाकून वाचलेले दोन-तीनशे रुपये पुढे लाइनर-पिस्टनच्या बिलात जातात.

नव्या गाड्यांबाबत एक गोष्ट वेगळी आहे. डिझेलच्या वाहनांना बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ नियम १ जानेवारी २०२३ पासून. अशा बऱ्याच गाड्यांच्या, विशेषतः पिकअपच्या, सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साध्या ऑइलची राख त्या जाळीत साचते आणि ती राख जळून जात नाही. जाळी बंद पडली की गाडी ओढत नाही. त्यामुळे डीपीएफ असलेल्या गाडीला पुस्तकात सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच लागतं. भाजीपाला बाजारात नेणाऱ्या पिकअपला घरातलं ट्रॅक्टरचं ऑइल घालून कुणी पैसे वाचवत असेल, तर त्याला आत्ताच थांबवा.

बदलायचं कधी?

नव्या ट्रॅक्टरची पहिली बदली साधारण ५० तासांवर असते, आणि ती टाळू नका. नवं इंजिन बसताना निघालेला धातूचा बारीक कीस त्याच ऑइलमध्ये फिरत असतो. त्यानंतर अनेक मॉडेलांना २५० तास सांगतात, काहींना कमी. तासांचं मीटर बंद असेल तर डिझेलवरून अंदाज काढता येतो. तुमचा ट्रॅक्टर नांगरटीत आणि रोटाव्हेटरवर सरासरी तासाला चार लिटर खात असेल, तर २५० तास म्हणजे हजार लिटर डिझेल. डिझेलच्या पावत्या एका पिशवीत टाकत गेलात तरी हिशेब जमतो.

वर्षभर ट्रॅक्टर फारसा चाललाच नाही, तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावं. उभ्या इंजिनातही आत ओल धरते.

आता धूळ. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मळणीला ट्रॅक्टर दिवसभर भुसकटाच्या ढगात उभा असतो. हवेचा फिल्टर गच्च भरलेला असेल किंवा त्याचा रबरी पाइप चिरलेला असेल, तर ती धूळ थेट लाइनरमध्ये जाते. तिथे ती पॉलिश पेपरसारखं काम करते. कितीही भारी ऑइल टाका, ते धुळीपुढे टिकत नाही. जुन्या ट्रॅक्टरांच्या हवेच्या फिल्टरखाली ऑइलची वाटी असते. मळणीच्या दिवसांत ती रोज उघडून बघा. खाली गाळ बसलेला दिसला तर वाटी धुवून खुणेपर्यंत ताजं ऑइल भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं, तेही धोक्याचंच.

बदली करताना इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करा म्हणजे काळं ऑइल गाळासकट उतरतं. ऑइल फिल्टर सोबतच बदला. नव्या ऑइलला जुना फिल्टर ठेवणं म्हणजे आंघोळ करून कालचेच कपडे घालणं. काही मिस्त्री जुनं ऑइल काढल्यावर डिझेल ओतून इंजिन धुतात. मला ते पटत नाही. कोपऱ्यात राहिलेलं डिझेल निघत नाही आणि नव्या ऑइलला पहिल्याच दिवशी पातळ करतं. वेळेवर बदली होत असेल तर धुवायची गरजच पडत नाही.

मागच्या बाजूचं ऑइल वेगळं

इंजिनाचं ऑइल नीट घेणारे लोकही गिअरबॉक्सला गडबड करतात. ट्रॅक्टरच्या मागच्या भागात गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक लिफ्ट आणि बऱ्याच मॉडेलांत ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक, हे सगळं एकाच ऑइलवर चालतं. त्यासाठी खास ऑइल येतं, डब्यावर यूटीटीओ किंवा 'वेट ब्रेक ऑइल' असं लिहिलेलं असतं. त्या जागी साधं ९० नंबरचं गिअर ऑइल टाकलं तर गिअर चालतील, पण ब्रेक कुरकुरतील, नीट धरणार नाहीत, आणि हळूहळू ब्रेकच्या प्लेटा खराब होतील. भरलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर ब्रेक न धरणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. इथे लागणारं ऑइल पुष्कळ असल्याने खर्च मोठा वाटतो, पण ते इंजिन ऑइलपेक्षा कितीतरी जास्त तास चालतं. ब्रेक कोरडे की ऑइलमधले, हे आपल्या मॉडेलचं आधी खात्रीने माहीत करून घ्या.

मोटारसायकल आणि स्कूटी

मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच हे तिघं एकाच ऑइलमध्ये पोहत असतात. कारमध्ये क्लच वेगळा आणि कोरडा असतो. म्हणून कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण आणखी कमी करणारं रसायन घालतात, त्याने पेट्रोल वाचतं. तेच रसायन मोटारसायकलच्या क्लच प्लेटांवर बसलं की प्लेटा एकमेकींना धरत नाहीत, घसरतात. माझं घाटात झालं ते हेच.

यासाठी जपानने एक वेगळा शिक्का ठरवला आहे, जासो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असेल तर ते ऑइल ओल्या क्लचच्या मोटारसायकलसाठी. जासो एमबी असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटीसाठी, कारण तिथे क्लच ऑइलच्या बाहेर असतो. एमबीचं ऑइल मोटारसायकलला टाकू नका. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना १०डब्ल्यू-३० लागतं, काही कंपन्यांच्या गाड्यांना २०डब्ल्यू-५०, बुलेटसारख्या गाड्यांना १५डब्ल्यू-५०. आकडा पुस्तकातूनच घ्या.

ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल मोटारसायकलला टाकलं तर दुसऱ्या दिवशी इंजिन बसेल असं नाही, आणि म्हणूनच लोकांची सवय मोडत नाही. गाडी चालते. पण १०डब्ल्यू-३० वर बेतलेल्या छोट्या इंजिनाला ते जाड पडतं, ॲव्हरेज उतरतं, गिअर अडखळतात, आणि त्या ऑइलची क्लचसाठी तपासणी झालेली आहे की नाही हे डबा सांगत नाही. मोटारसायकलला लागतं लिटरभर, कधी त्याहून कमी. तेवढ्यासाठी ही जोखीम कशाला?

लहान इंजिनात ऑइल कमी असतं, त्यामुळे थोडं जळालं तरी मोठा फरक पडतो. पंधरा दिवसांतून एकदा गाडी स्टँडवर सरळ उभी करून काडी बघा.

फवारणी पंप, ग्रास कटर

इथे दोन जाती आहेत आणि दोघींचा नियम उलटा आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलचा वेगळा चेंबर नसतो. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ते आत वंगण करतं आणि पेट्रोलसोबत जळून जातं. म्हणून त्याला स्वच्छ जळणारं टू-टी ऑइल लागतं. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी असेल तर धूर कमी. ट्रॅक्टरचं ऑइल जळायला बनवलेलं नाही. ते पेट्रोलमध्ये घातलं की त्याची राख प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाला बसते, पंप सुरू व्हायला दहा वेळा दोरी ओढावी लागते.

प्रमाण यंत्रावर किंवा पुस्तकात असतं. २५ ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल, ५० ला १ असेल तर २० मिली. अंदाजाने ओतू नका. मेडिकलमधली सिरिंज पाच-दहा रुपयांना मिळते, तीच ऑइलसाठी वेगळी ठेवा. कीटकनाशकाचं माप यासाठी वापरू नका, आणि हे माप औषधाला वापरू नका. मिश्रण लागेल तेवढंच करा, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं.

फोर-स्ट्रोक पंपाला मात्र ऑइलचं वेगळं झाकण असतं. त्यात साधं पेट्रोल आणि चेंबरमध्ये वाटीभर फोर-स्ट्रोक ऑइल. दोन पंप घरात असतील तर टाकीवर रंगाने मोठं २ आणि ४ लिहून ठेवा. मजुराच्या हातात यंत्र गेलं की ही खूणच कामाला येते.

काडी काय सांगते?

ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी काडी काढा. डिझेल इंजिनाचं ऑइल काही तासांतच काळं पडतं, त्याला घाबरू नका. काळं झालं म्हणजे ते काजळी धरतंय. घाबरायचं ते तीन गोष्टींना. ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसलं, तर पाणी शिरलं आहे, बहुतेक हेड गॅस्केट. ऑइल आपोआप वाढलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर पंप किंवा नोझलमधून डिझेल उतरतंय. "आमचा ट्रॅक्टर ऑइल खातच नाही, उलट वाढतं" असं कौतुकाने सांगणारे भेटतात, त्यांना आजच मिस्त्रीकडे पाठवा. तिसरं, बोटांत चोळल्यावर वाळूसारखं कचकच लागलं, तर हवेचा फिल्टर तपासा. या तिन्हींत नुसतं ऑइल बदलून काही साधत नाही.

वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणंही नको. क्रँक ते ऑइल घुसळून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. चालू असताना ऑइलचा लाल दिवा लागला किंवा काटा पडला, तर तास संपायची, बांधापर्यंत पोचायची वाट बघू नका. जागेवर बंद करा.

दुकानात आणि नंतर

पिंपातलं सुटं ऑइल घेऊ नका, ते काय आहे हे विकणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. डब्याच्या झाकणाची रिंग शाबूत आहे का, आतलं सील नीट चिकटलंय का, बॅच नंबर, तारीख आणि किंमत छापलेली आहे का, ते बघा. छापील किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर शंका घ्या. पक्कं बिल मागा. वॉरंटीत इंजिनाचं काम निघालं तर कंपनी पहिलं तेच विचारते.

बनावट ऑइल भरायला खरे डबे लागतात, आणि ते आपल्याच अंगणातून भंगारात जातात. डिझेल आणायला एखादा डबा ठेवायचा तो ठेवा, बाकीच्यांना बुडाशी तापल्या खिळ्याने भोक पाडून मगच द्या.

काढलेलं जळकं ऑइल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत ते घातक कचऱ्यात येतं. जनावराच्या खरजेला किंवा जखमेला ते लावायची जुनी रीत आहे, तीही सोडा. त्यात धातूचा कीस आणि जळालेली रसायनं असतात, आणि जनावर अंग चाटतं. खरजेवरचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतं. जळकं ऑइल झाकणाच्या डब्यात साठवा आणि पुढच्या फेरीला, नोंदणी असलेल्या खरेदीदाराला ते देणाऱ्या गॅरेजवर सोडा.